कणकुंबीचा उगम आणि एक वाटाणा

बेळगाव शहर मागे टाकून जांबोटीचा रस्ता धरला, की थोड्याच वेळात माळ संपतो आणि डोंगर सुरू होतो. भाताची खाचरे लहान होत जातात, झाडी रस्त्याच्या दोन्ही अंगांनी जवळ येऊ लागते, आणि वाऱ्याला ओल्या मातीचा व कुजलेल्या पाल्याचा वास येऊ लागतो. जांबोटी ओलांडून पश्चिमेकडे आणखी सोळा किलोमीटर गेले, म्हणजे खानापूर तालुक्यातील कणकुंबी हे गाव लागते. हाच रस्ता पुढे चोर्ला घाटातून गोव्यात उतरतो. त्यामुळे मालमोटारी, एस. टी. गाड्या आणि सहलीला निघालेल्यांच्या मोटारी या गावावरून सतत धावत असतात. त्यांतील फारच थोड्या येथे थांबतात. एखादा चहा घेण्यासाठी थांबतो, एखादा घाटाआधी गाडीचे चाक पाहून घेतो, आणि पुढे निघून जातो. आपण एका नदीच्या जन्मस्थानावरून गेलो हे त्याच्या गावीही नसते.

कणकुंबी येथे मलप्रभा उगम पावते. माऊलीच्या देवळापाशी कुंड आहे आणि त्या कुंडातील पाणी हाच नदीचा उगम मानला जातो. समुद्रसपाटीपासून हे ठिकाण सुमारे ७९० मीटर उंचीवर आहे. पावसाळ्यात ह्या भागात पाऊस नुसता पडत नाही, मुक्कामाला येतो. जूनपासून पुढे कित्येक दिवस सूर्याचे दर्शन होत नाही, घरातले कपडे वाळत नाहीत आणि माणसे चुलीच्या आधाराने बसतात. मात्र उन्हाळ्यात कुंडापाशी उभे राहून पाहिले, तर ‘ह्यालाच नदी म्हणावयाचे काय?’ असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. एखादे लहान मूल सहज उडी मारून ओलांडील एवढाच तो ओहोळ.

पण हेच पाणी पूर्वेला वळते, खानापुरावरून वाहते, सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे धरणाच्या भिंतीमागे विस्तीर्ण जलाशय होऊन पसरते, चालुक्यांच्या काळातील पट्टदकल व ऐहोळे येथील दगडी देवळांजवळून पुढे जाते, आणि ३०० किलोमीटरांहून अधिक वाटचाल करून कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. महात्मा बसवेश्वरांच्या स्मृतीने पुनीत झालेले तेच कूडलसंगम. धारवाड, गदग, बागलकोट या जिल्ह्यांतील कितीतरी माणसे ह्या नदीचे पाणी पितात. कणकुंबी हे नाव त्यांच्यापैकी किती जणांनी ऐकले असेल, कोण जाणे.

भूगोलाच्या दृष्टीने गावाची आणखी एक मौज आहे. येथून जवळच सह्याद्रीचा पाणलोट दुभंगतो. एका उतारावर पडलेला थेंब मलप्रभेबरोबर पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळतो. शेजारच्या उतारावर पडलेला थेंब कळसा नाल्याने म्हादईत आणि तेथून गोव्यातून अरबी समुद्रात जातो. एकाच ढगातून उतरलेल्या दोन थेंबांची वाट अशी हातभर अंतराने कायमची वेगळी होते. कळसा नाल्याचे पाणी मलप्रभेकडे वळविण्याच्या योजनेपायी ह्या परिसरात कालव्याचे खोदकाम झाले, दोन राज्यांत मोठा वाद झाला, आणि म्हादई जलतंटा लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी निवाडा दिला. त्या वादात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. एवढेच ध्यानात घ्यावे, की जेथे वाटसरू थांबतही नाही तेथले ओंजळभर पाणी दोन राज्यांच्या काळजीचा विषय होऊ शकते.

मी कणकुंबीस गेलो ते दिवस उन्हाळ्याचे होते. कुंडाजवळच्या झाडाखाली एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मी पाण्याकडे बराच वेळ पाहत राहिलो असे पाहून ते म्हणाले, “आता काय बघायचं हाय हितं? पावसात या की. मग बघा पाणी.” मी म्हटले, “आजोबा, लहान असतानाच पाहावे म्हणून आलो.” ते हसले आणि म्हणाले, “मग रोज या. रोज येगळं असतंय.”

त्यांचे ते वाक्य माझ्या मनात राहिले. कारण तेवढ्या वेळात दोन मोटारी येऊन गेल्या होत्या. त्यांतून उतरलेल्या तरुण मंडळींनी खिशातील भ्रमणध्वनी काढले, कुंडाकडे पाठ केली, स्वतःचे हसरे चेहरे टिपले, दहा-पंधरा सेकंदांचे चलच्चित्र घेतले आणि ती निघून गेली. त्यात वाईट काही नाही. तरुणपणी आपणही आरशात कमी पाहिले नाही. पण मनात आले, की ज्या यंत्रासाठी आपल्याच महाराष्ट्रातील एका माणसाने आयुष्याचा विमा गहाण टाकला, ते आज प्रत्येकाच्या खिशात आहे. मात्र त्या माणसाने ते पहिल्याने ज्या कामी लावले, ते काम आपण विसरलो आहोत. त्या माणसाची आणि त्याच्यामागून आलेल्या काहींची हकिगत सांगावी, म्हणून हा लेख.

सांगण्याचे कारणही सांगतो. धर्मगुरूला घरोघर जावे लागते, आणि प्रत्येक घरी गेल्यावर जे दिसते ते नेहमीच सणासुदीचे नसते. कुणाची नोकरी गेलेली असते. २०२० च्या टाळेबंदीत कामे बंद पडून गावी परतलेल्या कितीतरी माणसांची घडी पुढे कित्येक महिने बसली नाही. कुणाच्या घरातले माणूस गेलेले असते. कुणी लांबलचक आजारातून उठलेला असतो, पण उठून करावयाचे काय हे त्याला कळत नसते. अशा माणसाला आपण सहज म्हणतो, “मन रमव, आयुष्यात काही ध्येय ठेव.” सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण खचलेल्या माणसाच्या डोक्यावर ‘ध्येय’ हा शब्द आणखी एका ओझ्यासारखा पडतो. ज्याला सकाळी उठून तोंड धुणे जड जाते, त्याने ध्येय आणावे कोठून?

धुंडिराज गोविंद फाळके यांचे चरित्र ह्या प्रश्नाच्या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. ‘भारतीय चित्रपटाचे जनक’ म्हणून त्यांची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. १९६९ पासून भारत सरकार त्यांच्या नावे चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्कार देते. परंतु जनक होण्यापूर्वी हा माणूस किती वेळा मोडून पडला होता, हे फारसे कोणी सांगत नाही.

त्र्यंबकेश्वर येथे ३० एप्रिल १८७० रोजी त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत व नंतर बडोद्याच्या कलाभवनात ते चित्रकला, छायालेखन आणि त्याच्याशी संबंधित कला शिकले. गोध्रा येथे त्यांनी छायाचित्रांचा व्यवसाय मांडला. तेथे प्लेगची साथ आली आणि त्या साथीत त्यांची पहिली पत्नी व मूल दोघेही गेली. व्यवसाय उठला. पुढे त्यांचा दुसरा विवाह झाला; ह्या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. पुराणवस्तू खात्यात त्यांनी नोकरी केली, ती सोडली, आणि छपाईचा धंदा काढला. धंदा नावारूपास आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि स्वतः उभारलेल्या छापखान्यातून त्यांना बाहेर पडावे लागले. वय चाळीस. घरी मुलेबाळे. हातात कला पुष्कळ, पण काम एकही नाही.

अशा मनःस्थितीत, १९११ च्या सुमारास, ते मुंबईत गिरगावातील एका तंबूवजा चित्रपटगृहात जाऊन बसले. पडद्यावर प्रभू येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट चालला होता. आपल्या वाचकांस ह्यात विशेष वाटेल हे उघड आहे. गव्हाणीतला जन्म, चमत्कार, क्रूसाची वाट ही दृश्ये डोळ्यांपुढून जात असताना फाळक्यांच्या मनश्चक्षूंपुढे मात्र राम आणि कृष्ण, गोकुळ आणि अयोध्या उभी राहिली, असे त्यांनी स्वतः पुढे लिहून ठेवले आहे. आमच्या प्रभूचे चरित्र पाहून त्यांना आपल्या देवांची आठवण झाली, याचा आपल्यास विषाद वाटण्याचे कारण नाही. खऱ्या भक्तीचे दर्शन घडले, की पाहणारा आपल्या घरातील समई पुसून लख्ख करतो. दुसऱ्याची उचलून नेत नाही. दुसऱ्या खेपेस ते सरस्वतीबाईंना सोबत घेऊन गेले.

येथपर्यंतची हकिगत ऐकली, म्हणजे वाटते की हाच तो क्षण. ध्येय सापडले, आता पुढे सारे सुरळीत. प्रत्यक्षात तसे झाले नाही. पुढचे काही महिने ते रोज चार-चार, पाच-पाच तास चित्रपट पाहत, उरल्या वेळात हाती येईल त्या साधनांनी प्रयोग करीत. झोप उणी पडली, डोळ्यांवर ताण आला, आणि त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. ज्याचे सारे जीवित पाहण्यावर, त्यालाच दिसेनासे झाले! डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी दृष्टी परत आली. दृष्टी येताच हा मनुष्य पुन्हा कामास लागला. आयुष्याचा विमा १२ हजार रुपयांचा होता. तो गहाण ठेवून १० हजार उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले. तेथे चित्रपटविषयक एका साप्ताहिकाच्या संपादकाने प्रथम त्यांना ह्या धंद्यातील अपयशाच्या गोष्टी सांगून परावृत्त करण्याचा प्रयत्न केला, पण त्यांची तळमळ पाहून पुढे तोच संपादक त्यांचा मार्गदर्शक झाला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा ५० पौंडांस त्यांनी घेतला, आणि एप्रिलच्या आरंभी ते परतले.

आणि मग त्यांनी पहिल्याने काय केले? राजा हरिश्चंद्राचा दरबार उभारला नाही. कुंडीत एक वाटाणा पेरला.

कुंडीसमोर कॅमेरा ठेवून, त्या बीजातून अंकुर कसा फुटतो, वर कसा येतो, वेल कसा होतो, हे त्यांनी महिनाभर थोडे थोडे करून टिपले. त्या काळी मूकपटाची फीत सेकंदास सुमारे सोळा चित्रांच्या वेगाने चाले. म्हणजे मिनिटभराच्या चित्रपटास हजाराजवळ चित्रे लागत. एक महिन्याचे पाहणे, आणि त्याचे फळ मिनिटभराहून थोडे अधिक. ‘अंकुराची वाढ’ असे त्या चित्रपटाचे नाव. फळीवर उमटलेला तो वाटाणा लोकांनी पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत तो भराभर वाढू लागला. शेतकऱ्याच्या पोराने हजार वेळा पाहिलेली ती गोष्ट, पण अशी कोणी पाहिली नव्हती. तो पाहूनच काही स्नेह्यांना फाळक्यांचा भरवसा आला आणि पुढील चित्रपटासाठी कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंनी आपले दागिने दिले. कच्च्या फितीच्या कडांना छिद्रे पाडण्याचे किचकट काम त्या रात्री अंधारात बसून करीत, चित्रीकरणाच्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. तारामतीचे काम करण्यास एकही स्त्री तयार होईना, म्हणून एका उपाहारगृहातील आचारी अण्णा साळुंके यांना लुगडे नेसावे लागले, आणि रोहिदासाचे काम फाळक्यांच्याच मुलाने केले.

वाचकहो, ‘राजा हरिश्चंद्र’ मोठा खरा. पण मला वाटाणा अधिक मोलाचा वाटतो. पत्नी-अपत्याचा वियोग, बुडालेला धंदा, जाता जाता राहिलेली दृष्टी, इतके सोसलेल्या माणसाने आपल्या दुःखाचा चित्रपट काढला नाही. स्वतःहून लहान, स्वतःहून दुबळी, पण वाढणारी अशी एक वस्तू त्याने समोर ठेवली आणि तीस दिवस रोज तिच्यापाशी जाऊन उभा राहिला. वाटाणा त्याच्यासाठी थांबणार नव्हता. आज मन नाही, उद्या पाहू, असे म्हणण्याची सोय नव्हती. एक दिवस चुकला तर पडद्यावर तेवढी उडी दिसणार. अशा रीतीने त्या कुंडीने त्याला दररोज उठविले. ध्येय त्याला आधी सापडले आणि मग तो उठला, असे नव्हे. तो रोज उठत गेला आणि ध्येयाला मूळ धरता आले.

हे एकट्या फाळक्यांपुरते आहे असे कुणाला वाटेल, म्हणून कणकुंबीच्या मानाने जवळच्या एका शहराकडे वळतो. बेळगावहून उत्तरेकडे महामार्गाने निघालो, तर तंबाखूच्या व्यापारासाठी प्रसिद्ध असलेली निपाणी लागते. तेथून राज्याची सीमा ओलांडून पुढे गेले, की कोल्हापूर. तेथे आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे दोघे चुलतभाऊ नाटकांचे पडदे रंगवीत असत. रंगाच्या कामामुळे ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. चित्रकलेच्या शाळेत ते गेले नव्हते. हातांनीच हातांना शिकविले. फाळक्यांचा चित्रपट पाहून त्यांना ह्या कलेचा ध्यास लागला. मुंबईच्या जुन्या बाजारातून त्यांनी चित्रपट दाखविण्याचे यंत्र आणले आणि लोकांना चित्रपट दाखवता दाखवता यंत्राचा अभ्यास चालविला. परंतु चित्र घेण्याचा कॅमेरा हवा होता, आणि तो विकत घेण्याइतका पैसा नव्हता. तो आपणच बनवावा, असे ठरले. ते काम हाती असतानाच १९१६ मध्ये आनंदराव वारले.

दोघांनी मिळून पाहिलेले स्वप्न एकट्यावर पडले, की त्याचे वजन दुप्पट होत नाही, दसपट होते. ज्याने हा अनुभव घेतला आहे त्याला हे सांगावयास नको. बाबूरावांनी मात्र अर्धे राहिलेले यंत्र पुन्हा हातात घेतले. विष्णुपंत दामले हा त्यांचा शिष्य मदतीस होता. १९१८ मध्ये तो स्वदेशी कॅमेरा तयार झाला. त्याच कॅमेऱ्याने घेतलेला ‘सैरंध्री’ १९२० मध्ये लोकांपुढे आला आणि लोकमान्य टिळकांनी बाबूरावांचा ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरव केला. ह्या चित्रपटात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केल्या. १९२५ च्या ‘सावकारी पाश’ मध्ये बाबूरावांनी कर्जाच्या विळख्यात जमीन गमावणारा शेतकरी दाखविला. पुराणांच्या दरबारातून कॅमेरा प्रथमच रयतेच्या झोपडीत आला. यंत्र बनविण्यास मदत करणारे दामले पुढे ‘प्रभात’चे एक संस्थापक झाले, आणि फत्तेलाल यांच्यासह त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’ची १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. एका भावाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याने कुलूप लावले असते, तर ह्यातले किती घडले असते?

ह्या झाल्या शंभर वर्षांपूर्वीच्या गोष्टी. आपल्या काळातील पाहावयाची तर नाशिक जिल्ह्यातील मालेगाव पाहावे. यंत्रमागांच्या खडखडाटात दिवसरात्र जगणारे हे शहर. २००१ ची दंगल, २००६ चे बॉम्बस्फोट, २००८ मधला आणखी एक स्फोट. वर्तमानपत्रांत मालेगावचे नाव आले ते बहुधा रक्ताच्या शाईने. त्याच शहरात शेख नासिर ह्या व्हिडिओगृह चालविणाऱ्या गृहस्थाने साधा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आपल्याच गावच्या माणसांना नट केले आणि २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ नावाचा विनोदी चित्रपट काढला. कॅमेरा सरकता ठेवावयाचा तर सायकलवर, उंच न्यावयाचा तर बैलगाडीचा उपयोग करावा, अशी त्यांची युक्ती. नट म्हणजे दिवसभर मागावर किंवा दुकानात राबणारी माणसे. फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट काढून ही धडपड जगापुढे आणली. त्यात सुपरमॅन झालेला शफीक हा काडीसारखा कृश, मागावर काम करणारा तरुण कर्करोगाने पुढे गेला. पण भीतीच्या आणि शोकाच्या दिवसांत एक अख्खे गाव स्वतःकडे पाहून पोट धरून हसले, ही त्याची आणि त्याच्या सोबत्यांची कमाई काही लहान नव्हे. रीमा कागती यांनी ह्याच मंडळींच्या कथेवर ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट केला आणि २०२५ मध्ये तो देशभर दाखविला गेला.

ह्या तिन्ही ठिकाणी एक गोष्ट समान दिसते. कोणीही प्रथम कीर्तीचा विचार केला नाही. केला असता तर कुंडी, जुन्या बाजारातील यंत्र आणि सायकल यांच्याकडे त्यांचे लक्षही गेले नसते. हाताशी जे होते त्याने त्यांनी आरंभ केला. दुसरे असे, की त्यांपैकी कोणीही एकटा राहिला नाही. चित्रपट ही कला एकट्याने दार लावून करता येत नाही. कुणीतरी दिवा धरावा लागतो, कुणीतरी लुगडे नेसावे लागते, कुणीतरी रात्री बसून फितीला छिद्रे पाडावी लागतात. दुःख माणसाला खोलीच्या कोपऱ्यात नेऊन बसविते. हे काम त्याला अंगणात आणते, आणि शेजाऱ्याला हाक मारावयास लावते.

अर्थात, अशा कामाने सारी दुःखे निवारतात, असे सांगणे सत्याला धरून होणार नाही. फाळक्यांच्याच उत्तरायुष्याकडे पाहावे. बोलपट आले आणि त्यांची कला मागे पडली. कोल्हापुरातील संस्थेसाठी त्यांनी १९३७ मध्ये ‘गंगावतरण’ हा चित्रपट केला. बोलपट म्हणून घेतलेला त्यांचा तेवढा एकच, आणि शेवटचाही तोच. त्यानंतर हा माणूस नाशिकला जाऊन राहिला आणि १६ फेब्रुवारी १९४४ रोजी, जगाच्या बऱ्याचशा विस्मृतीत, वारला. ज्याला आपण यश म्हणतो ते कामाला फळासारखे लागते आणि फळासारखेच गळून जाते. परंतु वयाच्या चाळिशीत सर्व हरवून बसलेला जो माणूस, त्याने पुढील पंचवीस वर्षे रिकाम्या हातांनी काढली नाहीत. सत्तरीला टेकलेला हा वृद्ध नदीच्या स्वर्गातून उतरण्याची कथा पडद्यावर मांडीत होता. देवाने दिलेले आयुष्य त्याने पुरते वापरले, एवढे तरी निश्चित म्हणता येईल. आणि परमेश्वर आपणांपैकी प्रत्येकाकडून बहुधा एवढाच हिशेब मागणार आहे.

आता पुन्हा कणकुंबीविषयी. त्या वृद्ध गृहस्थांनी ‘रोज येगळं असतंय’ म्हणून सांगितले, ते खरे की नाही हे पाहण्याचे साधन आता त्या गावातील पोरासोरांपाशीही आहे. कुंडापाशी एक दगड निश्चित करावा. जूनच्या पहिल्या दिवसापासून मेच्या अखेरीपर्यंत, रोज एकाच वेळी, त्याच दगडावर भ्रमणध्वनी टेकवून दहा सेकंदांचे चलच्चित्र घ्यावे. त्यात स्वतः येऊ नये. ३६५ दिवसांचे मिळून सुमारे एक तासाचे चित्र होईल. पहिला पाऊस, श्रावणातील गढूळ लोट, दिवाळीनंतर निवळलेले पाणी, चैत्रातील क्षीण धार, असे नदीचे एक संपूर्ण वर्ष त्यात सापडेल. ज्या पाण्याविषयी लवादापुढे वर्षानुवर्षे कागद हलले, त्या पाण्याचे गावकऱ्यांच्या डोळ्यांनी पाहिलेले एक तासाचे दर्शन ही काही क्षुल्लक वस्तू होणार नाही. गोव्यातील काम सुटून घरी बसलेला एखादा तरुण, किंवा आजारातून उठून नुकताच चालू लागलेला एखादा गृहस्थ हे काम पत्करील, तर त्याचा दिवस निदान एका ठराविक वेळी घराबाहेर सुरू होईल.

आणि जे कणकुंबीपासून दूर आहेत, त्यांनीही हळहळण्याचे कारण नाही. प्रत्येक घरी रोज बदलणारे काहीतरी असते. आजीचे भाकरी थापणारे हात आहेत. त्यांचे चित्र ती असतानाच घेता येते. वडिलांची सुतारकी आहे, शिंप्याचे यंत्र आहे, परसातली पपई आहे. आपल्या शेजारी कुणी दुःखात असेल, तर त्याला ‘ध्येय ठेव’ असे सांगण्याऐवजी त्याच्या हाती असे एखादे काम द्यावे आणि चार दिवस दिवा धरावयास आपणही जावे. हे काही मोठे दान नव्हे. पण पुष्कळदा मोठ्या दानापेक्षा हेच अधिक उपयोगी पडते.

सहलीला म्हणून जाणाऱ्यांनी कणकुंबीस पावसाळा सरता सरता, ऑक्टोबरच्या सुमारास जावे. रस्ते धुतलेले असतात आणि पाणी निवळू लागलेले असते. गाडी थांबवावी, कुंडाकडे तोंड करून उभे राहावे आणि कॅमेरा काढण्यापूर्वी पाच मिनिटे नुसते पाहावे. ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी एक कुंडी घ्यावी. वाटाणा कुठल्याही वाण्याकडे मिळतो, आणि उगवावयास तो कुणाचीच परवानगी मागत नाही.